चालती मोटार मध्येच का थांबते?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात ऊर्जानगर येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, विवाहखर्च आणि संघटन या विषयांवर बोलले जाते. ते विषय महत्त्वाचे आहेत यात वाद नाही. परंतु चिटणीसांनी या खेपेस आम्हांस निरोप धाडला की, ‘गुरुजी, काहीतरी उपयोगाचे सांगा.’ त्यांच्या वाक्यातील खोच आम्ही मुकाट्याने पदरात घेतली आणि मोटारगाडीचा विषय निवडला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात मराठी शाळेत गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेली. यंत्रशास्त्रात पारंगत असल्याचा आमचा दावा नाही. तथापि जुन्या मोटारीचे दुखणे ओळखावयास पदवी लागत नाही. डोळे, कान आणि थोडा धीर लागतो, आणि या तीन वस्तू आपणां सर्वांपाशी आहेत.

येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. त्या सुमारास आपल्या समाजातील कितीतरी तरुण केंद्रात व आसपासच्या कोळसाखाणींत नोकरीस लागले. पुढे हाती चार पैसे खेळू लागल्यावर त्यांतील काहींनी जी पहिली मोटार दारात उभी केली, ती बहुतेक फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. ही गाडी आपल्या महाराष्ट्राचीच म्हणावयाची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि १९७४ पासून त्यांस पद्मिनी हे नाव मिळाले. आजच्या मुलांना ती आजोबांची संथ गाडी वाटते. पण एके काळी मद्रासजवळील शोलावरम व कलकत्त्याजवळील बराकपूर येथील धावपट्ट्यांवर ज्या मोटारशर्यती होत, त्यांत हीच फियाट ११०० हौशी तरुण धावडवीत असत. आपल्याकडील सामान्य माणसाची स्पोर्ट्स मोटार काय ती हीच. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठमोठे लेख लिहिले. आपल्या काही घरांत मात्र ती अजून अंगणात उभी आहे. वडिलांची गाडी म्हणून मुलगे ती विकीत नाहीत, आणि ती मधूनच दगा देते म्हणून सुना तीत बसत नाहीत. या कौटुंबिक कलहाचे मूळ कोठे आहे, तेच आज पाहावयाचे आहे.

गाडी साफ बंद पडली तर ते सोपे. मिस्त्री येतो, मेलेली वस्तू शोधतो, बदलतो. खरी पंचाईत होते ती गाडी चालता चालता थांबते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते, आणि मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली की शहाण्या मुलासारखी वागते तेव्हा. आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानात हिवताप नवा नाही. पाळीने येणाऱ्या त्या तापाचा रोगी ताप नसताना वैद्यापुढे नेला, तर नाडीवरून वैद्याने काय सांगावे? म्हणून जाणता डॉक्टर आधी विचारतो : हुडहुडी केव्हा भरली, घाम केव्हा सुटला, मध्ये किती दिवस गेले? मोटारीचेही तसेच आहे. तिचा ताप चढलेला असताना तिच्यापाशी मिस्त्री नसतो, मालक असतो. यास्तव निदानाचा अर्धा भाग मालकाचा आहे, आणि तो त्याने केला नाही तर मिस्त्री बिचारा अंदाजाने एकेक भाग बदलीत जातो. भाग चांगले असतात, पैसे जातात, आणि दुखणे होते तेथेच राहते.

आता ताप चढतो तेव्हा पाहावयाचे काय? पेट्रोलच्या इंजिनाला चालू राहण्यास मुख्यतः दोन गोष्टी हव्यात : हवेत मिसळलेले पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. चालते इंजिन थांबले म्हणजे बहुधा या दोहोंपैकी एक नाहीशी झाली. कोणती, हे इंजिन कसे मेले यावरून पुष्कळसे कळते. ठिणगी गेली तर इंजिन दिवा मालवल्यासारखे एकदम मरते. मागे-पुढे काही नाही. पेट्रोल तुटले तर ते आचके देते, ओढ कमी होते, पाय सैल केला की क्षणभर सावरते, पुन्हा आचके देते आणि मग मान टाकते. एम.जी., ट्रायम्फ अशा जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींत इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा असतो. ज्या गाडीत तो विजेवर चालतो, तिचे इंजिन अजून गाडीच्या वेगाने फिरत असतानाच काटा धाडकन शून्यावर पडला, तर दोष ठिणगीच्या बाजूस आहे असे समजावे. आपल्या फियाटमध्ये ही सोय नाही, म्हणून कानावरच विसंबावे लागते.

ठिणगीची वाट अशी : बॅटरीची १२ व्होल्टची वीज किल्लीच्या स्विचातून कॉइलमध्ये येते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट तो प्रवाह क्षणोक्षणी तोडतात. प्रत्येक वेळी तुटला की कॉइलमधून दहा-पंधरा हजार व्होल्टचा झटका निघतो व प्लगपाशी ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर सेकंदास शंभर ठिणग्या पडतात. (शाळेत हे उदाहरण आम्ही सातवीला घालीत असू, मुले उत्तर काढून मग विश्वास ठेवीत नसत.) पॉइंट उघडतात ते अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडे कमी. एवढ्या नाजूक व्यवहारात एखादी तार आतल्या आत तुटलेली असली, वरचे वेष्टन मात्र शाबूत असले, तर खड्ड्यागणिक ती जुळणार आणि सुटणार. खड्ड्यात थांबणारी गाडी बहुधा तारेची रोगी असते. पावसात थांबणारी असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला बारीक चीर गेलेली नाही ना, ते पाहावे. गाडी तापल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने एकदम मेली आणि पुरती निवल्यावरच उठली, तर कॉइल किंवा कंडेन्सर यांवर संशय घ्यावा. कॉइलमधील बारीक तार उष्णतेने ताणून सुटते व निवल्यावर पुन्हा टेकते. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट : आपली मंडळी मोटारीच्या किल्लीबरोबर घराच्या, कपाटाच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवितात. वर्षानुवर्षे तो भार हेलकावे खात राहिला की जुना स्विच आतून झिजतो आणि वीज मध्येच तुटते. जुडगा हाताने हलवून पाहावा; इंजिन अडखळले तर दुखणे चार पैशांत सापडले.

पेट्रोलची वाट दुसरी. टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनाच्या अंगालाच बसविलेला पंप गाडीच्या लांबीइतक्या नळीतून पेट्रोल शोषून घेतो आणि कार्ब्युरेटरला देतो. शोषणे आणि ढकलणे यांत महदंतर आहे. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते, हे आपण शाळेत शिकलो. तसाच शोषणाऱ्या नळीत दाब कमी होतो आणि पेट्रोल लवकर उकळू पाहते. पेट्रोल हे एक द्रव्य नसून अनेकांचे मिश्रण आहे. त्यातील हलके भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. आपल्या चंद्रपुराचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखाली किती होत असेल याची कल्पनाच करावी. पंपात द्रवाऐवजी वाफ भरली की पंप नुसता फडफडतो, पेट्रोल सरकत नाही. त्यावर पंपाला ओले फडके गुंडाळण्याचा उपाय आपल्या सर्व चालकांना ठाऊक आहे, आणि तो खरा उपाय आहे. मात्र पाणी डिस्ट्रिब्यूटरवर सांडू देऊ नये, नाहीतर एक दुखणे बरे करताना दुसरे मागे लागावयाचे. वर सांगितलेल्या इंग्रजी मोटारींपैकी काहींत पंप मागे टाकीपाशी असतो व तो पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून त्यांस हा त्रास कमी. त्यांचा विजेचा पंप अडला की त्याला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकतात, आणि तो पुन्हा टिकटिकू लागतो!

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते; ते प्रमाण २०२२ साली शेकडा १० झाले आणि २०२५ साली शेकडा २० वर गेले. उसाच्या शेतकऱ्याला याचा लाभ आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. टाकी आणि पंप यांच्यामधली नळी चिरली तर चालत्या गाडीतून पेट्रोल गळताना दिसतेच असे नाही. उलट पंप चिरेतून हवा ओढतो आणि इंजिन उपाशी राहते. जमिनीवर थेंब नाही म्हणून नळी निर्दोष, असे समजू नये. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज धरतो. गंजाचा पापुद्रा नळीच्या तोंडाशी ओढला जातो, इंजिन थांबते, शोषण थांबल्यावर पापुद्रा खाली बसतो, आणि दोन मिनिटांत गाडी पुन्हा सुरू! अशी गाडी भूतबाधेची वाटते. टाकी धुतल्यावर भूत जाते.

गाडी थांबलेली असतानाच परीक्षा करावयाची असेल, तर आधी ठिणगी पाहावी आणि मग पेट्रोल. उलट क्रमाने कधीही करू नये. पेट्रोल सांडून मग ठिणगी पाडणे म्हणजे स्वतःच्या हाताने होळी पेटविणे. एक जादा प्लग जवळ ठेवावा. तो प्लगच्या तारेत अडकवून इंजिनाच्या धातूवर आडवा ठेवावा, हातात धरू नये, आणि कोणास तरी किल्ली फिरवावयास सांगावे. कडकडीत निळी ठिणगी दिसली तर ती बाजू ठीक. नंतर कॉइलची तार सोडवून ठेवावी, कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत धरावी आणि किल्ली फिरवून पेट्रोल उसळते की नाही ते पाहावे. हे सर्व थंड डोक्याने, विडी-सिगारेट दूर ठेवून.

आता एक घडलेली हकीकत सांगतो, कारण नुसते नियम स्मरणात राहत नाहीत.

आमचे साडू मूलला राहतात. त्यांचे मूत्रपिंडाचे दुखणे असून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना चंद्रपुरास यावे लागते. मूल ते चंद्रपूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर, त्यातील पुष्कळ वाट जंगलाची. त्यांचा मुलगा वडिलांच्याच पद्मिनीतून त्यांना आणतो. या गाडीने वैशाखात थांबण्याचा नाद घेतला. चिचपल्लीच्या आसपास ती आचके देऊन उभी राही. मागून कोळशाचे, लाकडाचे ट्रक, बाजूस रान, आणि आत डायलिसिसची वेळ टळत असलेला रोगी. मिस्त्री म्हणाला, उन्हाळा आहे, वाफ धरते. मुलाने ओले फडके ठेवण्यास सुरुवात केली, आणि दर वेळी दहा मिनिटांनी गाडी उठे. मग कोणी सांगितले कॉइल बदल, ती बदलली. कंडेन्सर बदलला. पंपही नवा बसविला. पावसाळा गेला, मार्गशीर्ष आला, गाडी थांबतच होती; आणि हा मुलगा थंडीत कुडकुडत पंपावर ओले फडके घालीत होता, कारण फडक्याने गाडी उठते हा त्याचा अनुभव! साडूबाई एके दिवशी आम्हांस म्हणाल्या, ‘भाऊजी, गाडी विकून टाका म्हणून तुम्हीच याला सांगा. यांच्या जिवाशी खेळ चालला आहे.’

आम्ही मुलास शंभर पानांची एक वही दिली आणि रकाने आखून दिले : तारीख, हवा, पेट्रोल कधी भरले, किती किलोमीटरवर थांबली, कशी थांबली, थांबल्यावर काय काय केले, किती मिनिटांनी उठली. ‘काय काय केले’ या रकान्यात काहीही गाळावयाचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. दीड महिन्यात गाडी पाच वेळा थांबली. वही घेऊन आम्ही ओसरीवर बसलो. पाचही वेळा ती आचके देऊन मेली होती, म्हणजे दोष पेट्रोलचा. त्यांतील दोन सकाळी चांगल्या थंडीतल्या, म्हणजे वाफेचे कारण लटके पडले. पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक होती. पाचही वेळा आदल्या सायंकाळी किंवा त्याच सकाळी टाकी भरलेली होती. टाकी अर्धी असता गाडी एकदाही थांबली नव्हती. पेट्रोल अधिक असताना इंजिन उपाशी राहते, हा काय प्रकार?

उत्तर शेवटच्या रकान्याच्या आधीच्या रकान्यात होते. पाचही वेळा मुलाने लिहिले होते : ‘बॉनेट उघडले. फडके ठेवले. टाकीचे झाकण काढून पेट्रोल आहे का पाहिले.’ त्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सवयीची होती, म्हणून त्याने ती कोणत्याही मिस्त्रीला सांगितली नव्हती.

टाकीतून पेट्रोल जसजसे जाते, तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती वाट बंद झाली तर टाकीत दाब उतरतो आणि शोषणारा पंप हतबल होतो. पालथ्या घातलेल्या तोंडबंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट येत नाही, दुसरे पाडावे लागते, हे आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांस ठाऊक आहे. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी असते, म्हणून दोन लिटर पेट्रोल जाताच दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत हवा पुष्कळ, तेवढ्याने फारसे बिघडत नाही. सारी वही या एका कारणाशी जुळत होती. श्रेय मात्र फडक्याला मिळत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तशातली गत.

तरी आम्ही मुलास म्हटले, हे कागदावरचे झाले; आता पडताळा पाहू. रविवारी साडूबुवांना घरी ठेवून टाकी काठोकाठ भरली आणि आम्ही दोघे चंद्रपूरच्या वाटेस लागलो. चिचपल्लीच्या अलीकडे गाडीने आचके दिले. गाडी रस्त्याखाली घेऊन फडके ठेवले, पण झाकणाला हात लावू दिला नाही. वीस मिनिटे थांबलो. इंजिन कसेबसे उठले आणि शे-दोनशे पावलांवर पुन्हा मेले. मग फडके काढून टाकले आणि आम्ही कान टाकीशी नेऊन झाकण सैल करावयास लावले. आत हवा ओढली गेल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला. झाकण सैलच ठेवून किल्ली फिरवली. गाडी चंद्रपूरपर्यंत विनातक्रार आली.

चंद्रपुरास एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी वर उचलून पाहिली. टाकीत हवा येण्यासाठी जी बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधून ते बेमालूम लिंपून टाकले होते. एरवी जुन्या सैल झाकणातून थोडी हवा जात असती. पण ते हरवल्यामुळे मुलाने कोणत्याशा दुकानातून किल्लीचे, घट्ट रबराचे झाकण आणून बसविले होते, तेही वैशाखाच्या थोडेच आधी. सायकलीच्या आऱ्याने माती काढली, नळीच्या तोंडाशी बारीक जाळी बांधली. मिस्त्रींनी चहाखेरीज काही घेतले नाही. बदललेली जुनी कॉइल आणि जुना कंडेन्सर दोन्ही निर्दोष होते. ते आता डिकीत जादा सामान म्हणून पडून आहेत. साडूबुवांच्या डायलिसिसच्या फेऱ्या त्याच गाडीतून चालू आहेत, आणि साडूबाई आता पुढच्या आसनावर बसतात.

एक सूचना मंडळापुढे ठेवतो. जुन्या गाड्यांचे पॉइंट आणि कार्ब्युरेटर हाताने जुळविणारे मिस्त्री आता थोडे राहिले आहेत, आणि तेही वयस्क. नव्या मुलांना यंत्र जोडून दोष वाचता येतो, पण या गाड्यांना यंत्र जोडण्याची जागाच नाही. आपल्या समाजातील आय.टी.आय. मध्ये शिकणाऱ्या दोघा-तिघा मुलांनी सुटीत अशा मिस्त्रींच्या हाताखाली बसावे, आणि त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने विद्यार्थी-निधीतून द्यावा. कार्यकारिणीने विचार करावा.

[व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले की, गाडी रात्रीच्या वेळी मोहर्लीच्या रस्त्यावर थांबली तर बाईमाणसाने काय करावे. त्यावर वक्त्यांनी दिलेले उत्तर येथे जोडले आहे.]

ताई, या सर्व परीक्षा दिवसाच्या आणि मोकळ्या जागेच्या आहेत. पहिला आचका बसताच, गाडीत वेग शिल्लक आहे तोवरच, ती डाव्या कडेला घ्यावी; पुरती थांबल्यावर ती ढकलणे एकट्याचे काम नाही. धोक्याचे दिवे लावावेत. रान असेल तर दार उघडू नये. वाघ ऊर्जानगरच्या वसाहतीतही फिरून जातो हे आपण जाणतोच. ओले फडके आणि झाकण दोन्ही उजेडापर्यंत राहू द्यावीत. घरी दूरध्वनी करून आपण नेमक्या कोठे आहोत हे सांगावे, म्हणून जाताना किलोमीटरचे दगड वाचण्याची सवय ठेवावी. दहा मिनिटांनी एकदा किल्ली फिरवून पाहावी. उठली तर थेट वस्तीपर्यंत थांबू नये. आणि वाट पाहत बसलेल्या असाल, तर त्या दिवसाची ओळ वहीत तेव्हाच लिहून टाकावी. सकाळपर्यंत गाडी एकदम मेली की आचके देऊन, हेच घरात चौघे चार तऱ्हेने सांगू लागतात.